चपलांची राखण

महाडच्या मैदानावर काल फक्की मारत होते. चुन्याच्या त्या वासानं मीनलच्या शाळेतला क्रीडादिन आठवला आणि डोकं पुन्हा तापलं.

सात वर्षांची माझी मीनल, पायांत कॅलिपर, धावणाऱ्या मुलांच्या चपला राखत बसली होती. रोज सकाळी तिचा व्यायाम मी वहीत खूण करून घेत होते, तो काय यासाठी? मी बाईंवर धावूनच गेले.

बाईंनी शांतपणे, मीच शाळेला लिहून दिलेली सूचनांची यादी पुढे केली. पहिलीच सूचना होती, ‘पळू देऊ नये.’

"पडले तर उठेन की गो आई," मीनल म्हणाली. "नायतर रोज व्यायाम कशाला करायचा?"

मी डोळे वटारून तिलाच गप्प केलं. बाईंवरचा राग त्याच दिवशी गेला. माझ्या त्या सुवाच्य अक्षराचा मात्र आजही येतो.