एकोणीसऐवजी अठरा इंच: नलिनीकाकूंबरोबर सनीव्हेल ते बेंड

सनीव्हेलमध्ये बर्फाचे टायर सहसा कुणी घेत नाही. नलिनीकाकूंनी घेतले. काकू माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. वय बहात्तर, निवृत्त डॉक्टर. त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीण शशीमावशी ऑरेगनमधल्या बेंड गावी एकटी असते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचा महिनाभर तिला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम काकूंनी अंगावर घेतलं. म्हणून विमानाने जाऊन भागणार नव्हतं, गाडी तिथे हवी होती.

काकूंचा मुलगा अमोघ लांब जॉर्जियातल्या अल्फारेटाला असतो. त्याने मला फोन केला. दोन दिवस आईबरोबर जा, विमानाने परत ये, आणि तिने तिथे एकटीने गाडी चालवावी की नाही हे मला खरंखरं सांग, असं त्याचं म्हणणं. काकूंना न सांगता मी हो म्हटलं.

गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह सेदान. चारही चाकांना जोर मिळतो, मग वेगळे टायर कशाला, असं मला वाटायचं. टायरच्या दुकानातल्या माणसाने समजावलं, की चारही चाकांच्या जोराने गाडी बर्फातून निघते, पण थांबते ती टायरच्या पकडीवर. शिवाय थंडीत साधं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. गाडीवर एकोणीस इंची चाकं होती. टायर रुंद, पण त्याची कड अगदी बुटकी. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिमच वाकायची. चाक लहान घ्यायचं आणि टायरची कड उंच, म्हणजे एकूण उंची तेवढीच राहते, स्पीडोमीटर चुकत नाही. मी इंटरनेटवर वाचून सतरा इंच ठरवून गेले होते, कारण ते स्वस्त पडतात. त्याने एक चाक लावून पाहिलं, तर ते पुढच्या ब्रेकला घासत होतं. शेवटी अठरा. माप २२५/५० आर १८, चारही एकसारखे, वेगळ्या रिमांवर, म्हणजे उन्हाळ्यात बदलणं सोपं. सगळे मिळून सोळाशे डॉलरच्या आसपास. काकूंनी टायरच्या कडेवरचं डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे बर्फात चालणाऱ्या टायरची खूण, बोटाने चाचपून पाहिलं आणि मगच कार्ड दिलं.

पहिला दिवस रेडिंगपर्यंत, चार तास. सरळ, सपाट, कंटाळवाणा रस्ता. मऊ टायरांची घरघर कोरड्या रस्त्यावर ऐकू येते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घरचंच होतं. आळीपाळीने गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी डन्समुइरच्या अलीकडे, बर्फात चाकांना गुंडाळायच्या साखळ्यांची तपासणी होती. तिथल्या माणसाने वाकून टायर पाहिले, डिकीत साखळ्या आहेत ना विचारलं आणि हात दाखवून सोडलं. साखळ्या लावाव्या लागल्या नाहीत, पण जवळ ठेवाव्या लागतातच, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वीड गावाहून ९७ नंबरचा रस्ता धरला. तिथून काकू चालवायला बसल्या.

पुढे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक होता. काकू त्याच्यापासून फार लांब होत्या आणि आमच्यामागे पाच-सहा गाड्या साचल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, काकू, थोडं जवळ घ्या. त्यांनी ऐकून घेतलं, अंतर तेवढंच ठेवलं.

उतारावर ट्रकचे लाल दिवे लागले आणि तो थांबलाच. काकूंनी ब्रेक दाबला. घसरताना खडखडतं तसं पेडल पायाखाली खडखडलं, गाडी तिरकी होत घसरली, मग टायरांनी धरलं आणि आम्ही थांबलो. ट्रक दोन गाड्यांच्या लांबीवर होता. माझं म्हणणं ऐकलं असतं, तर आम्ही त्या ओंडक्यांखाली असतो.

पुढच्या रुंद कडेला काकूंनी गाडी घेतली. इंजिन बंद केलं.

"थोडा वेळ तू चालव," त्या म्हणाल्या. मी उतरायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "अमोघने तुला पाठवलंय, मला माहितेय. त्याला सांग. पण सगळं सांग. घसरलो तेही, थांबलो तेही."

मी फक्त हो म्हटलं.

क्लॅमथ फॉल्सला टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज खाल्लं, दोघींचे बावीस डॉलर. तिथून पुढे पुन्हा काकूंनीच चालवली, मी विचारलंही नव्हतं. उजेड असतानाच बेंडला पोहोचलो. शशीमावशी वॉकर धरून दारात उभी होती. तिने काकूंना आधी गाडीबद्दल विचारलं, मग प्रवासाबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच मला रेडमंडच्या विमानतळावर सोडलं. चाळीस मिनिटं, रस्ताभर दाबून बसलेला बर्फ. मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर अमोघला फोन केला. ट्रक, घसरणं, दोन गाड्यांचं अंतर, कडेला थांबून गाडी माझ्याकडे देणं, सगळं सांगितलं. जवळ घ्या म्हणणारी मी होते, हेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं.

"तू परत बसशील तिच्या शेजारी?" त्याने विचारलं.

"महिन्याने त्यांना आणायला जातेय," मी म्हटलं. "तिकीट एकाच बाजूचं काढलंय."