खंडेनवमीचा प्रोसेसर

खैरनार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दात घासायच्या ब्रशने एक जाळीदार धातूचा ठोकळा घासत बसले होते. इंदिरानगरात त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं आणि मी झाडूपोछाचं काम विचारायला गेले होते. मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतोय.

"दात घासायला दुसरा हाय ना?" मी विचारलं.

"आहे, आजी. हा मशिनचा."

मी त्यांच्याहून फार तर आठ वर्षांनी मोठी. पण आजी म्हणाले ते म्हणाले. तेव्हापासून सगळं दुकान मला आजीच म्हणतं.

सरांच्या साठीच्या या पुस्तकात शिकलेली माणसं त्यांच्या ज्ञानाबद्दल लिहितील. मी तिसरी पास. मला पुसण्याबद्दल लिहिता येईल.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. चौकोनी, बिस्किटाहून लहान. ते तापतं, म्हणून वर ठोकळा आणि पंखा बसवतात. डोकं आणि ठोकळा यांच्या मध्ये पेस्ट असते. ती जुनी झाली की पानाच्या डब्यातल्या चुन्यासारखी वाळते आणि मशिन तापून बंद पडतं. मी चार वर्षं झाडू मारता मारता बघत होते. एक दिवस सरांनी झाडू काढून घेतला, सुती फडकं आणि स्पिरिटची बाटली दिली आणि टेबलाशी बसवलं. म्हणाले, "खरवडायचं नाही. भिजू द्या. ते आपणहून सोडतं."

त्या दुपारी अजून डोळ्यांपुढे येतात. रस्ता निजलेला असायचा, कुठल्यातरी मशिनचा पंखा एका सुरात घुमायचा, स्पिरिटने बोटं गार पडायची. पांढरं हळूहळू विरायचं आणि खालून प्रोसेसरवर कोरलेली अक्षरं वर यायची, मग सगळं लख्ख. त्यात खिडकी दिसायची, खिडकीतलं आभाळ दिसायचं, आणि मध्येच माझं नाक. किती वेळ गेला ते कळायचं नाही. सरही हाक मारायचे नाहीत. मी बसल्या जागी कुठेतरी जाऊन यायचे.

अशाच एका खंडेनवमीला सर लासलगावला एका अडत्याचं मशिन बघायला गेले होते. दुकानात मी एकटी. टायपिंगच्या क्लासवाल्या दाणी मॅडमचा प्रोसेसर मी पुसला. इतका सुंदर दिसला की हळदकुंकू वाहिलं, त्यावर नवी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, मशिन दिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि मॅडम मशिन घेऊन दारात. दहा मिनिटांत बंद पडत होतं. सरांनी ठोकळा उचलला. खाली लाल चिखल.

"आजी, हे काय?"

"खंडेनवमी नव्हती का? पकडीला लावलं, झाडूला लावलं. डोक्यालाच नको?"

मॅडम भडकल्या. "सर, यांना परत झाडू द्या. नाहीतर मी दुसरं दुकान बघते."

मी झाडूकडे बघितलं. कोपऱ्यातच होता, कालचं कुंकू लावलेला. टेबल गेलं असं मी धरून चालले.

सर म्हणाले, "मॅडम, काय लावायचं ते मी शिकवलं. काय लावायचं नाही ते राहिलं. चूक माझी. आजी टेबलावरच बसतील." आणि फडकं माझ्यापुढे केलं. "तुम्ही वाहिलंत, तुम्हीच पुसा."

मी फडकं घेतलं. मॅडम शेजारी स्टूल ओढून डोळे वटारून बसल्या. मी खरवडलं नाही. भिजू दिलं. फडकं गुलाबी झालं आणि खालून ती अक्षरं वर आली. मशिन दुपारभर चाललं. मॅडम पुढेही येत राहिल्या, दर वेळी म्हणायच्या, "आजींकडेच द्या. कुंकू तेवढं घरी ठेवून या म्हणावं."

पुढच्या खंडेनवमीला सरांनी टेबलावर एक प्रोसेसर ठेवला. "हा मेलेला आहे. याला लावा, हवं तेवढं. पण आधी साफ करून." तो अजून खणात आहे. दर वर्षी मी त्यावरचं जुनं कुंकू स्पिरिटने पुसते आणि नवं लावते. सर समोर हात जोडून उभे राहतात.

वयाच्या हिशेबाने मी आधी जाणार. माझ्यामागे त्या प्रोसेसरवरचं कुंकू सरांनाच पुसावं लागेल, आणि एकदोनदा पुसून भागणार नाही. तेव्हा त्यांनी बीपीची गोळी चुकवू नये, जिन्यावरून धावू नये, आणि पुष्कळ खंडेनवम्या बघाव्यात. खरवडू मात्र नये.