सत्यभामाबाईंचा मंगळवार

ब्रह्मपुरीच्या मोटारीतून उतरलेल्या गुरुजींनी सांगितलं, दवाखान्यातल्या सत्यभामाबाई गेल्या. मी धान पाखडत होते, तशीच पाखडत राहिले. सूप रिकामं झाल्यावर रडू आलं… ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

बाई आमच्या बाजारगावच्या दवाखान्यात नर्स होत्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाचवा महिना होता, सोबत सासू. तपासताना बाई कोणालाच आत राहू देत नसत, मग ती सासू असो की पाटलीणबाई. दार लोटून त्यांनी माझ्या बांगड्या वर सारल्या, नाडी धरली आणि मनगटावरचे वळ पाहून हळूच विचारलं, "कोणी मारते का तुले?" मी म्हटलं, ओसरीवरून पडले. त्यांनी खोदून विचारलं नाही. येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी ये, एवढंच म्हणाल्या. बाहेर सासूला मात्र बजावलं, हिची नाडी दर बाजाराला पाहावी लागेल. सासूला त्याचा कोण अभिमान! असं कौतुक गावात दुसऱ्या कुठल्या सुनेचं होत नाही, हे तिनं विहिरीवर सगळ्यांना ऐकवलं.

असे किती मंगळवार मी खोटं बोलले. बाई ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या. एकदा मोहफुलं वेचून यायला उशीर झाला म्हणून नवऱ्यानं कमरेत लाथ घातली, आणि मग पोटात काही हलेचना. त्या मंगळवारी मी सगळं सांगून टाकलं. बाळ आहे का, तेवढं सांगा म्हटलं. बाईंनी पोटावर नळी ठेवून कान टेकला. बराच वेळ… मग माझा हात तिथं ठेवत म्हणाल्या, "आहे. अन् यात तुही काही चूक नाई."

दवाखान्यामागच्या खोलीत राहायला ये, असं त्या म्हणाल्या. घर सोडायची मला भीती वाटली. त्या रागावल्या नाहीत. खोली केव्हाही उघडी आहे म्हणाल्या, आणि तू हो म्हटलंस तरच सासूशी बोलते, असंही. मी मान हलवली. मग त्यांनी सासूला एकटीला आत घेतलं. बोल लावला नाही. मला विचारला होता तोच प्रश्न तिला विचारला. दाराबाहेर मला सासूचा आवाज आला.

"माह्या पोटातलं एक असंच गेलं, बाई."

त्या दिवसापासून सासूनं आपली वाकळ माझ्या खाटेला लागून टाकली. लेकाचा आवाज चढला की ती उठून मध्ये उभी राही. दिवस भरले तेव्हा तिनंच मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. माझी लेक पहिल्यांदा रडली ती बाईंच्या हातात.

पुढंही आम्ही दोघी बाजाराच्या दिवशी बाईंकडे जातच राहिलो. दुखणंबिखणं काही नसे. बाई आधी माझा हात धरत, मग तिचा. इतक्या निवांतपणे आमचा हात दुसऱ्या कुणी कधी धरला नव्हता. बाईंची फार आठवण येते.

अजूनही मंगळवारी मी लवकर आवरते, लेकीची वेणी घालते. सासूही डोक्यावरचा पदर सारखा करून दारात येते. तिथं आल्यावर दोघींना एकदमच आठवतं… आणि आम्ही उंबऱ्यावरच बसून राहतो.