आक्काचा उजवा कान आणि तीन जोड्या

उजव्या कानातलं बोंडूक तिसऱ्यांदा निसटलं आणि आक्काच्या खांद्यावर लोंबू लागलं, तेव्हा चार वाजून गेले होते. सहाला कार्यक्रम. निपाणीच्या त्या मैदानावर बायका आत्ताच ताडपत्रीवर जागा धरून बसल्या होत्या.

"पडलं बघ पुन्ना," आक्का म्हणाली.

"बसेल. थांब जरा."

"तासभर तेच म्हणतोयस रं."

कमिटीचे रमेशअण्णा स्टेजच्या कडेला येरझाऱ्या घालत होते. "संजू, ते कानातलं खूळ सोड. दोन बॉक्स ठेव की तिच्या म्होरं, नेहमीसारखं."

आधी हे बॉक्स काय ते सांगतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्याकडं तोंड करून तिरपे स्पीकर ठेवतात. आम्ही त्यांना मॉनिटर म्हणतो. ढोलकी, पेटी, टाळ यांच्या गदारोळात ऐकू यायचं तर ते मोठ्यानंच वाजवावे लागतात. इन-इअर मॉनिटर म्हणजे तेच काम करणारे इवलेसे स्पीकर, थेट कानात बसणारे, आमच्या भाषेत बोंडकं. बाहेरचा गोंगाट अडतो, त्यामुळं आतला आवाज कमी ठेवला तरी चालतं.

शालन आक्का कडोलीची. घरची शेती, आणि तिच्या भजनी मंडळाला बेळगावपासून सदलग्यापर्यंत मागणी. चौदा वर्षं तिचा साऊंड मी बघतोय. कार्यक्रमात तिनं बोट वर केलं की मी बॉक्सचा आवाज वाढवायचा. ती बोट वर करत गेली, मी वाढवत गेलो. गेल्या वर्षी तिच्या उजव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती थांबेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जवळून मोठा आवाज घ्यायचा नाही, नाहीतर गाणं बंद करा. आक्का मला म्हणाली, "निपाणीचा एक परोगराम तुझ्या त्या यंत्रावर करून बघतो. न्हाय जमलं तर मंडळाला सांगतो, दुसरी बाई बघा म्हणून."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, बघतो, सांगतो.

मला हे फार लागलं होतं. माझे वडील वडगावात यंत्रमागावर साड्या विणायचे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधी गेले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. आज त्यांच्याशी बोलायचं तर शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. तिथं दोष मागांचा होता. आक्काच्या बाबतीत आवाज वाढवायच्या फेडरवर माझं बोट होतं.

म्हणून मी आठ दिवस घालवून तीन जोड्या तपासल्या. तिन्ही मधल्या किमतीच्या, एकमेकींच्या आसपासच्या. चंदेरी जोडी ऐकताना मी हरखून गेलो, इतकी छान. ढोलकीची थाप पोटात उतरायची आणि टाळ वेगळे मोजता यायचे. पारदर्शक जोडी वरच्या स्वरांत जरा टोचायची. काळी जोडी हलकी, लहान, पण आवाज कसा कोंदट. खालचा बास अगदी बेताचा, गाणाऱ्याचा आवाज तेवढा पुढं. मी चंदेरी पहिली ठरवली, काळी शेवटची. कडोलीला जाऊन आक्काच्या कानात चंदेरी घालून बघितली. तिनं बसल्या बसल्या दोन अभंग म्हटले. जोडी छान बसली. मी खुशीत परत आलो.

आणि आता निपाणीत तीच जोडी, तोच कान, पण क्षणभरही टिकेना.

इन-इअरचं सगळं गणित सीलवर असतं. कानाच्या नळीत रबराची टोपी घट्ट बसली तर आवाज पूर्ण मिळतो. केसाएवढी फट पडली की बास आधी गळतो, मग गाणारा म्हणतो ऐकू येत नाही, मग आम्ही आवाज वाढवतो, आणि कान वाचवायला आणलेलं यंत्रच कान खातं. म्हणून मला नुसतं "चालवून घ्या" म्हणता येत नव्हतं.

मी मोठी टोपी लावली. निसटली. लहान लावली. निसटली. वायर कानामागून घेऊन चिकटपट्टी लावली, तर पट्टीच सुटून आली. पारदर्शक जोडी घातली. आक्कानं 'आ' करून वरचा सूर लावला आणि दोन्ही बाजूंनी एकदम सुटली. मला वाटलं, गाताना जबडा उघडतो तेव्हा नळीचा आकार बदलतो, त्यानं होत असेल. पण कडोलीलाही जबडा उघडलाच होता की. माझी पाचावर धारण बसली. तिकडं रमेशअण्णांनी दोन पोरांकरवी बॉक्स उचलून स्टेजपर्यंत आणवलेसुद्धा.

"ते खाली ठेवा," मी ओरडलो.

"परोगराम तुझा हाय का कमिटीचा?"

"कान आक्काचा आहे."

असं मी रमेशअण्णांना कधी बोललो नव्हतो. ते तोंडातला तंबाखू थुंकायला बाजूला गेले.

चौथ्यांदा टोपी बदलताना ती माझ्याच बोटातून सटकली. बोटं चोळून बघितली, गुळगुळीत. वास घेतला. खोबरेल तेल, आणि त्यात लसूण.

"आक्का, कानात काय घातलंयस?"

"तेल. कोमट करून. परोगरामच्या दिवशी घालतोच की आमी. आईपास्नं चालत आलंय. गळा मोकळा होतो."

"गळ्यासाठी कानात तेल?"

"गळा अन् कान आतनं एकच न्हवं का रं!"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कडोलीला मी गेलो तो कार्यक्रमाचा दिवस नव्हता, म्हणून कान कोरडा होता.

"डॉक्टरांनी कानात काही घालायचं नाही म्हटलं होतं ना?"

"औषिद घालू नका म्हटलं. तेल काय औषिद हाय?"

हसूही येईना आणि रागही धड येईना. आधीच दुखावलेला कान, आत काही खुपसणं धोक्याचं. पेटीवाल्या दत्तामामांकडून मऊ धुतलेलं उपरणं घेतलं. आक्काला एकेका बाजूला मान कलती करून बसवलं, जेवढं तेल आपसूक बाहेर आलं तेवढं टिपलं, बाहेरचा कान पुसून कोरडा केला. रबराच्या टोप्या साबणानं धुतल्या. तरी आतून चिकटपणा राहिलाच. रबर तेलावर टिकणार नव्हतं.

राहिली होती फोमची टोपी. ही स्पंजासारखी असते. बोटांनी दाबून बारीक करायची, कानात घालायची, आणि ती फुगून नळी भरेपर्यंत वर बोट धरून गप्प बसायचं. तेलकट कानातही ती बऱ्यापैकी धरून राहते. माझ्याकडं फोमच्या टोप्या होत्या, पण काळ्या जोडीच्या डब्यात आलेल्या. बाकी दोन्ही जोड्यांची नळी जाड, तिच्यावर त्या चढेनात.

म्हणजे जिला मी शेवटचा नंबर दिला होता ती जोडी. आठ दिवस माझ्या घरात, माझ्या कानांनी, रेकॉर्डिंग लावून मी आक्कासाठी यंत्र निवडत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

काळी जोडी घातली. आवाजाला लिमिटर लावला, म्हणजे कुणी माईकवर आपटलं तरी ठरवलेल्या पातळीपुढं आवाज जाणार नाही. "म्हण आक्का."

तिनं एक ओळ म्हटली. जबडा पूर्ण उघडून वर गेली. जोडी हलली नाही. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात ती थांबली. पुन्हा तोच वरचा सूर लावला. पुन्हा थांबली.

"हे माझंच हाय?"

"तुझंच."

"फाटतंय की रं वर."

मी मिक्सरकडं बघत राहिलो.

"कधीपास्नं?"

"दोन वर्षं झाली असतील."

"अन् लोकांना कळलं न्हाय ते?"

"मी रिव्हर्ब वाढवायचो. बाहेरही आणि तुझ्या बॉक्समध्येही." रिव्हर्ब म्हणजे घुमारा, गाभाऱ्यात गायल्यासारखा. आवाजाच्या चिरा त्यात झाकल्या जातात.

"मला का सांगितलं न्हाईस?"

खरं सांगायचं तर धीर झाला नव्हता. तेच बोललो. आता ही दोन्ही बोंडकं काढून माझ्या हातात देणार आणि उठणार, असं मला अगदी नक्की वाटलं. पावणेसहा झाले होते. मैदान भरत आलं होतं.

आक्का दत्तामामांकडं वळली. "मामा, आज पट्टी काळी चार द्या."

"आक्का, आपण काळी पाचला गातो. लोकांना सवय हाय."

"लोकांना असंल. माझ्या गळ्याला झेपंना. द्या म्हटलं न्हवं?" मग माझ्याकडं बघून, "अन् तू. घुमारा बंद."

"आक्का, एकदम सगळाच काढला तर..."

"सगळा."

ती नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायली. दीड तास मी एका जागी बसू शकलो नाही. रिव्हर्बच्या फेडरकडं हात सारखा जायचा, मी तो मागं घ्यायचो. दोनदा तिचा सूर चुकला, दोन्ही वेळा तिनं स्वतः ऐकला आणि पुढच्याच आवर्तनात सावरला. बोट एकदाही वर गेलं नाही. शेवटी रमेशअण्णा येऊन म्हणाले, "आज जरा कोरडं वाटलं, पर शबूद न् शबूद कळला."

आक्काच्या कानातली शिट्टी गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात जाणारही नाही, पण वाढलेली नाही. तिनं मंडळाला दुसरी बाई बघायला सांगितलेलं नाही. कानात तेल घालणं सोडलं असं ती म्हणते. मी तरी दर वेळी उपरणं घेऊन जातो.

आता कुणी इन-इअर कोणते घेऊ विचारलं, तर मी आवाजाचं सगळ्यात शेवटी बोलतो. आधी कान बघतो. आणि गाणारा माणूस असेल तर एक जास्तीचं विचारून घेतो, स्वतःचा आवाज खरोखर ऐकायचा आहे का. पुष्कळ जण त्यावर बॉक्सच बरे म्हणतात.