बारावा चौकोन

आमच्या आत्याने तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. एखादं काज जरा इकडेतिकडे झालं, तर गिऱ्हाइकाच्या नजरेस पडण्याआधी तीच उसवून टाकायची. दुकान बंद केल्यावर बाकीच्या बायका गुडघे शेकत बसतात, हिने पाणथळीतल्या पक्ष्यांची घरटी मोजायचं खूळ घेतलं. दरवर्षी दहा दिवस, बिनपगारी, चिखलात. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, सगळ्यात आधी मी.

काम सोपं, पण चोख हवं. लव्हाळ्यात काठ्या रोवून चौकोन आखलेले. प्रत्येकात शिरून घरटी मोजायची. जाऊन पाहिलं आणि काही नव्हतं, तर शून्य लिहायचं. गेलातच नाही, तर जागा कोरी सोडायची. मोजणी चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाई हे पहिल्याच दिवशी बजावत. आत्याच्या वह्या त्या नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत, आणि आत्या घरी येऊन ते आम्हाला चारचारदा ऐकवी.

चौथ्या वर्षी बारावा चौकोन पहिल्यांदाच आखला आणि नेमका तिचा गुडघा सुजला. तिथे मांडीभर चिखल. ती बांधावर उभी राहिली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि शून्य लिहिलं. कोरी जागा दिसली असती, तर बाईंनी कारण विचारलं असतं आणि पुढच्या वर्षी घरीच आराम करा म्हणाल्या असत्या.

पाचव्या वर्षी तिची पिशवी उचलायला मी सोबत गेले. पहिल्याच दिवशी बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. राखीव ठेवायच्या जागेभोवती पेन्सिलीची रेघ होती आणि बारावा चौकोन रेघेबाहेर. तिथे भराव घालून गोदाम बांधणार होते. गेल्या वर्षीच्या मोजणीत एकही घरटं नाही, तर हट्ट कशाच्या जोरावर धरायचा, असं बाई म्हणाल्या. राखीव जागेचा अहवाल त्याच संध्याकाळी जायचा होता.

आत्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं. ती उठली आणि वीस माणसांसमोर म्हणाली, "बाई, मी त्या चौकोनात उतरलेच नव्हते. बांधावरूनच शून्य लिहिलं."

मला तिचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, असं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

बाईंनी रेघ पुसली, अहवाल थांबवला. मग हळूच विचारलं, "आत्या, अशी आणखी किती शून्यं आहेत?"

"एवढं एकच."

"ते मला कसं कळणार?"

आत्याने नमुन्याच्या ढिगातून आपल्या चारही वह्या काढल्या आणि माझ्याकडच्या पिशवीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी दोघंजण बाराव्या चौकोनात उतरले. सहा घरटी निघाली. मी धावत जाऊन तिला सांगितलं, वाटलं, जिवाला थोडं बरं वाटेल.

"आणि गेल्या वर्षी किती होती?" तिने विचारलं.

ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.