जर आणि जाल्यार

कंपायलर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो एखाद्या सरकारी माणसाचा हुद्दा वाटला. माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीत डिचोलीला घरी आली होती. माझे दीर एका खाणीच्या कचेरीत कामाला. पावसात खाण बंद, म्हणून कचेरीतला जुना कॉम्प्युटर त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला. कामगारांच्या नोटिसा त्यावर काढत, त्यामुळे त्यावर देवनागरी अक्षरं उमटायची. हॉलमध्ये ज्या मेजावर आमचा गणपती बसतो त्याच मेजावर तो ठेवला. साहजिकच चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी कचेरीची जीप येऊन तो परत नेणार, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

मुलीला त्यावर स्वतःची एक भाषा करायची होती. मशीनला काम सांगायच्या भाषा सगळ्या इंग्रजीत, तिला आपल्या शब्दांची हवी होती. आपले शब्द घेऊन मशीनला कळेल असं करून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर, असं तिनं मला समजावलं.

"पण हे कोणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. जीप यायच्या आत तू स्वतः एक प्रोग्राम लिहायचा आणि चालवायचा. तुला जमलं तर माझी भाषा खरी. नाहीतर सुट्टी फुकट."

मी लगेच आत गेले. मी मोप्याच्या सड्यावरच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शाळा शिकलेली. चारचौघांत काही करायची वेळ आली की मला चुलीवरचं दूध आठवतं, चुलीवर दूध असो वा नसो.

पण स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. पहिले चार दिवस काका-पुतणीचं छान जमलं. पाचव्या दिवशी 'अमुक झालं तर तमुक कर' हे कसं लिहायचं यावर अडलं. गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, तरी मराठी की कोकणी हा वाद आमच्या घरातून गेला नव्हता. दीर मराठीवाले, पुतणी कोकणीवाली.

दीर म्हणाले, "सुरुवातीला 'जर' पाहिजे. 'जर' दिसला की मशीनला कळतं, पुढे अट येणार. तुझा तो कोकणी 'जाल्यार' अटीच्या शेवटी येतो. तोपर्यंत मशीन सगळे शब्द गिळून बसलेलं, काय गिळलं ते त्याला ठाऊक नाही."

"गिळू दे. धरून ठेवायचं मग."

"कुठे धरणार? मेमरी केवढी आहे त्याची?"

"काका, 'जर' कोण बोलतं आपल्याकडे? पेपरात वाचायचा शब्द तो."

दिरांची एक गंमत आहे. मराठीची बाजू ते मराठीत मांडतात, पण राग आला की कोकणीवर येतात. ते खुर्ची सरकवून म्हणाले, "बाय, तूं आयकना जाल्यार हांव मशीन आयजूच परत व्हरतां."

म्हणजे ऐकलं नाहीस तर मशीन आजच परत. मग मुलगी म्हणाली, "काका, आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"'आयकना'च्या पुढे काय?"

"जाल्यार," दीर म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. पण ते हसले नाहीत. चहा न घेता उठून गेले. दोन दिवस मशीनवर कापड पडलेलं होतं. मुलगी खोलीत पडून राहायची, जेवायला आली तरी खाली बघून जेवायची. जीप यायला तीन दिवस उरले होते.

तिचं तोंड मला बघवेना. दुपारी एक कागद घेतला आणि मला जो प्रोग्राम वाटत होता तो पेन्सिलीनं लिहिला. आमच्या वाड्यावर पाव विकणारा पोदेर सायकलवरून येतो, कधी येतो, कधी दांडी मारतो. त्यावरून लिहिलं: "जर पोदेर आयलो जाल्यार पाव घे, ना जाल्यार भाकरी भाज." कागद मशीनवरच्या कापडाखाली अर्धा सरकवून ठेवला.

संध्याकाळी दिरांना तो आधी मिळाला. त्यांनी मुलीला हाक मारली.

"वाच. तुझ्या आईनं 'जर' लिहिलाय."

"'जाल्यार'सुद्धा लिहिलाय."

"दोन्ही? वहिनी, बाहेर या जरा. हे काय लिहिलंत?"

मी दारात उभी राहिले. "मी बोलते तसं लिहिलं, भावजी."

"एकदाच अट घालायची तर दोनदा कशाला सांगता?"

आमच्याकडे असंच बोलतात, शाळेतलं पुढे आणि घरातलं मागे. मुलीचं तोंड पाहून मी एक गोष्ट सांगितली. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "हुमणांत तिरफळां घाल..." आणि मी मूठभर तिरफळं माशांच्या आमटीत टाकली. मग त्यांचं पुढचं आलं, "...म्हूण हांवें सांगूंक ना." म्हणजे घाल असं त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांचं बोलणं संपेपर्यंत डब्याचं झाकण उघडत नाही.

दिरांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे मशीननं पूर्णविरामापर्यंत थांबायचं."

"आधी सगळं वाचायचं, मग करायचं," मुलगी म्हणाली. "दोन फेऱ्या. मग 'जर' असो, 'जाल्यार' असो, दोन्ही असोत."

"मेमरीचं काय?"

"वाक्यं लहान ठेवायची. आई कुठे लांब बोलते?"

दोघं मशीनसमोर बसले ते शनिवारी सकाळपर्यंत, जेवणं सोडली तर उठलेच नाहीत. मध्ये पुन्हा दोनदा भांडले, पण बसून.

जीप आली तेव्हा मला खुर्चीवर बसवलं. एकेक अक्षर शोधत मी माझं वाक्य उमटवलं. पूर्णविराम दिला, मुलीनं दाखवलेलं बटण दाबलं. पडद्यावर आलं, "पोदेर आयलो?"

"ना रे, आज अजून नाही आला," मी म्हणाले.

दीर खो खो हसले. "वहिनी, त्याला कान नाहीत. बोटानं सांगा."

मी 'ना' लिहिलं. खाली उमटलं, "भाकरी भाज." मुलगी माझ्या खांद्यावर कपाळ टेकून उभी होती. मी पुन्हा चालवलं, 'हय' लिहिलं. "पाव घे." परत 'ना'. परत 'हय'.

दीर तारा काढायला वाकले. ड्रायव्हर ओसरीवर चहाची बशी घेऊन बसला होता, परका माणूस, आणि तरी मी मोठ्यानं म्हणाले, "भावजी, त्याला आणखी एक चहा द्या. मला अजून एक लिहायचं आहे."