दहा फुलांची टोपी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात लिहिणं म्हणजे पोस्टकार्ड, आणि तेही गल्लीतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून माझ्या हातात पेन आहे, एवढंच. आणि जे लिहायला बसलोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

कुठून सुरू करू? टोपीपासूनच करतो. टोपीबद्दल बोलणं सोपं आहे.

मी मूळचा मुरगूडचा. बी.एस्सी.ला कोल्हापुरात आलो तेव्हा हमीदाखालाच्या घरातल्या पुढच्या खोलीत राहायचो. तिचे दीर आमच्या बाजाराला शेळ्या घ्यायला यायचे, वडिलांशी त्यांची ओळख. "पोरगं सरळ हाय," एवढ्या शब्दावर मला जागा मिळाली. खाला विधवा, मूलबाळ नाही. दिवसभर दारातल्या उजेडात बसून ती क्रोशाच्या सुईनं नमाजाच्या जाळीदार टोप्या विणायची. मशिदीजवळचा दुकानदार त्या घेऊन जायचा. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की मी नातेवाइकांकडे राहतो. कोणते नातेवाईक, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी कुणाला घरी आणलं नाही. ही माझी पहिली लबाडी. पण ती लहान आहे. मोठी पुढे आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलानं मुंबईहून टोपी आणली. कापडी, चारही बाजूंनी खाली झुकलेल्या कडेची. पन्हाळ्याच्या सहलीत ती त्याच्या डोक्यावर होती आणि बाकी आम्ही सगळे उन्हात. घरी येऊन मी खालाला वर्णन करून सांगितलं — बादली उपडी ठेवल्यासारखी दिसते.

"बादली?" ती म्हणाली. "डोक्यावर? त्येच्या घरात पाणी कशात भरत्यात मग?"

हसली खरी, पण सुई थांबवून विचारात पडली. तिनं आयुष्यात शेकडो टोप्या केल्या होत्या, पण कडेची एकही नाही. नमाजाच्या टोपीला कड नसते. कपाळ जमिनीला टेकायला हवं, मध्ये काही यायला नको. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या डोक्याभोवती दोरा फिरवला, तो दोरा स्वयंपाकघरात नेऊन एकेका भांड्याला लावून पाहिला आणि आतूनच ओरडली, "आरं, तुझं डोकं आमच्या डाळीच्या पातेल्याएवढं हाय की!"

त्या पातेल्यावरच ती टोपी झाली. माथा तिच्या हातचाच होता. साखळीचं छोटं कडं, मग गोल गोल टाके, प्रत्येक फेरीत सहा ठिकाणी वाढवत न्यायचे. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की पापड लाटताना कड उचलते तसं होतं, हे तिनंच मला दाखवलं. घोडं अडलं ते कडेपाशी. पहिल्यांदा कड फ्रॉकच्या झालरीसारखी फुगली. तिनं उसवली. दुसऱ्यांदा ओल्या पानासारखी लोंबली. पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा दोन फेऱ्या वाढवून, एक फेरी तशीच ठेवून, मग परत वाढवून तिनं ती बसवली, आणि भाताच्या पेजेत बुडवून पातेल्यावर वाळत घातली. कुणी शिकवलं होतं तिला हे? कुणीच नाही. मी गणिताचा विद्यार्थी. वक्र कसा वळतो यावर आम्हाला तासच्या तास शिकवत होते, आणि इथे एक बाई, जिला सही येत नाही, ती तेच बोटांनी सोडवत होती.

आणि फुलं. फुलांचं सांगायलाच हवं.

टोपीच्या भिंतीवर काहीतरी नक्षी पाहिजे, असं तिचं म्हणणं. "तुझ्या मनातलं कायतर काढ." माझ्या मनात एकच नक्षी होती. माझ्या आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, गोंदलेलं फूल आहे. मध्ये ठिपके, भोवती आठ पाकळ्या. माझ्या लहानपणी ती शेतातलं तण भांगलून आली की मी त्या फुलावरची माती पुसायचो. ते फूल मी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढलं. सोळा चौकटी रुंद. खालाला अंक वाचता येत नव्हते, पण चौकटी म्हणजे टाके हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं चिंचोके मांडले, हलवले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"माझ्या फेरीत दीडशे घरं हायत. तुझी नऊ फुलं बसतील आन् सहा घरं उरतील. त्या सहात काय घालू, तुझं नाक?"

मी चौकटी पुन्हा मोजल्या.

"आन् फुलाला मध्य पायजे की रं. सोळात मध्य कुठाय?"

एक उभी ओळ खोडली, पंधरा केल्या. बरोबर दहा फुलं बसली, प्रत्येकाला मध्य. पांढऱ्या दोऱ्यावर गोंदणाचा हिरवट दोरा. विणताना तिनं विचारलं, "आईचं नाव काय म्हनलास?" हौसाबाई, मी म्हणालो. "हौसाबाईला सांग," ती म्हणाली, "तिचा हात मी बघितला न्हाई, पर वळखते."

अजून मी टोपीवरच बोलतोय, नाही का? पुढे जायला पाय उचलत नाहीत म्हणून.

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. विद्यार्थ्यांच्या घरातल्या स्त्रियांनी केलेल्या वस्तू मांडायच्या होत्या. मी खालाला सहज बोललो, आणि ती एकदम गंभीर झाली. टोपी धुतली, पुन्हा पेज लावली, स्वच्छ रुमालात बांधली. देताना म्हणाली, "नाव नीट लिही हां. इतक्या टोप्या केल्या, माझं नाव कधी कुठं लागलं न्हाई."

आणखी एक गोष्ट तिला माहीत होती, मलाही होती. घर दिरांचं होतं. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं की तिला ते सोडायचं होतं. शहरात एक महिलांचा विणकाम वर्ग होता. तिथे शिकवायचं काम मिळालं तर ती एक खोली घेऊन कोल्हापुरातच राहणार होती. नाही तर आजऱ्याला, भावाच्या दारात. ती त्या वर्गात एकदा जाऊनही आली होती. सर्टिफिकेट नाही म्हणून फाटकातूनच परत पाठवलं होतं. प्रदर्शनाच्या परीक्षक त्याच वर्गाच्या बाई आहेत, हे मीच तिला सांगितलं होतं. मीच.

प्रदर्शनाच्या टेबलावर प्रत्येकाला एक कार्ड दिलं. वस्तूचं नाव. करणारीचं नाव. विद्यार्थ्याशी नातं.

नातं — तिथे मी अडलो. आजूबाजूला मुलं लिहीत होती, आई, आई, मोठी बहीण, आई. कुणाची आई शिक्षिका, कुणाची वकिलाची बायको. भरतकामाचे टेबलक्लॉथ, मण्यांची तोरणं. माझी आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मुसलमानाच्या घरी राहतो, हेही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचा मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "कुणी केली रे? झकास आहे! तुझ्या आईनं?"

मी लिहिलं, हौसाबाई. नातं, आई.

एवढं सोपं होतं ते. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझी आई त्या टेबलावर इतरांच्या आयांच्या शेजारी बसल्यासारखी वाटली. ज्या बाईनं दोनदा उसवून ती कड बसवली, तिला मी तिथून उठवलं तेव्हा.

दुपारी परीक्षक बाईंनी मला बोलावलं. टोपी त्यांनी उलटी करून धरली होती. "बाहेरून सगळेच चांगलं करतात," त्या म्हणाल्या, "हिचं आतूनही तेवढंच स्वच्छ आहे. एक गाठ दिसत नाही. तुझ्या आईला सोमवारी माझ्याकडे घेऊन ये. वर्गावर बाई हवी आहे. पगाराची जागा आहे."

मी म्हणालो, आईला सर्टिफिकेट नाही.

"ते मी बघते. मला हात पाहिजे."

ती गावाला असते, मी म्हणालो, यायची नाही.

बाई हळहळल्या. मग त्यांनी जे विचारलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "बरं, तिला हे शिकवलं कुणी? असं दुसरं कुणी आहे का, इथे कोल्हापुरात?"

बघा. दार एकदा बंद करूनही मला पुन्हा उघडून दिलं होतं. एक नाव सांगायचं होतं. दीड मैलावर ती बाई दारात बसली होती, रस्त्याकडे बघत.

"नाही," मी म्हणालो. "दुसरं कुणी नाही."

नाव सांगितलं असतं तर कार्डावरचं खोटं उघडं पडलं असतं. बस्स, तेवढ्यासाठी.

घरी गेलो तर खालानं चहा ठेवला होता. "काय म्हनल्या बाई?"

"आवडली," मी म्हणालो.

"आन्?"

"आणि काही नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, क्षणभरच. मग कपात चहा ओतत म्हणाली, "आवडली न्हवं? मग झालं की." कार्डावर नाव नीट लिहिलंस का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. तो चहा मी प्यायलो.

उन्हाळ्यात दिरांच्या मुलाचं लग्न झालं. खाला आजऱ्याला गेली, मी होस्टेलवर. जाताना तिनं एकच वस्तू मागितली, तो आलेखाचा कागद. "राहू दे माझ्याजवळ. हौसाबाईचं फूल हाय." मी दिला. टोपी माझ्या ट्रंकेत आहे. डोक्यावर मी ती पुन्हा घातली नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर होस्टेलवरचा माझ्या शेजारचा मुलगा गावाहून परत आला. तो आजऱ्याचा. बॅग खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून खिडकीत ठेवली. पांढरी, झुकलेल्या कडेची, भोवती हिरवट फुलं. मी मोजली. दहा होती.

बहिणीनं केली, तो म्हणाला. त्यांच्या गल्लीत एक खाला आहे. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडते. त्या टरफलांच्या तेलानं तिची बोटं काळी पडलीत, साल निघालीय. पांढऱ्या दोऱ्याला हात लावला की डाग पडतो, म्हणून सुई ती आता धरत नाही. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसते, हात मागे घेऊन, आणि तोंडानं मोजते — वाढव, वाढव, आता तशीच जाऊ दे — आणि सहा-सात पोरी तशा विणतात. एकीचीही कड चुकत नाही म्हणे. समोर एक जुना चौकटींचा कागद भिंतीला लावलेला असतो.

"पर लई कडक हाय," तो हसत म्हणाला. "टोपी पुरी झाली की पोरींनी आधी म्हनायचं, टोपी हमीदाखालाची, फूल हौसाबाईचं. दोन्ही नावं घेतल्याबिगर टोपी घरला न्यू देत न्हाई. म्हनती, जिचं जे हाय ते तिच्या नावानं गेलं पायजे."

मग खिडकीतली टोपी उचलून त्यानं माझ्या हातात दिली.

"ती हौसाबाई तुमच्या मुरगूडची हाय म्हनं. तुला म्हाईत हाय काय रं कोन?"